पंपाच्या पाठीवरचा आकडा

मी साताऱ्यात एका मेडिकल दुकानात औषधं देते. बावीस वर्षं झाली. श्वासाच्या पंपाचं खोकं गिऱ्हाइकाच्या हातात ठेवताना माझी टकळी ठरलेली असते. हलवून घ्या, श्वास पूर्ण सोडा, दाबता दाबता आत ओढा, मनात दहा म्हणेपर्यंत धरून ठेवा, आणि शेवटी चूळ भरून थुंका. थुंका, गिळू नका. मालक गमतीनं म्हणतात, बाईंची पोथी सुरू झाली. झाली तर झाली. निम्मी माणसं पंप तोंडासमोर धरून नुसता फवारा उडवतात आणि औषध जिभेवरच बसतं. उरलेली निम्मी जरा बरं वाटलं की पंप कपाटात टाकतात आणि दोन महिन्यांनी धापा टाकत परत येतात. मला अशा लोकांचा फार राग यायचा. माझा राग म्हणजे नुसता राग नसतो, त्याला आवाजही असतो, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे.

हे लिहिते आहे ते माझ्या वडिलांबद्दल. त्यांना आम्ही आबा म्हणायचो.

माझं माहेर विट्याच्या पुढे, दुष्काळी पट्ट्यातलं. आता कालव्याचं पाणी आलंय, डाळिंबं आणि द्राक्षं दिसतात, पण माझ्या लहानपणी तिथं कुसळं आणि मेंढरं याशिवाय फारसं काही नव्हतं. म्हणून आमच्याकडची माणसं गलाईला गेली. गलाई म्हणजे सोनं गाळायचा धंदा. सोनाराकडचं जुनं, भेसळीचं सोनं भट्टीत वितळवायचं, तेजाबात घालून त्यातली चांदी आणि तांबं वेगळं काढायचं, आणि चोख सोनं त्याचं त्याला परत द्यायचं. देशातल्या कुठल्याही मोठ्या बाजारपेठेत सोनारगल्लीत जा, कोपऱ्यावरच्या माडीवर खानापूर-आटपाडीकडचा एखादा माणूस भट्टीपुढे बसलेला सापडेल. गावात त्यांचे दुमजली बंगले आहेत, रंगीत, बाहेरून कुलूप लावलेले. यात्रेला उघडतात आणि चार दिवसांनी पुन्हा बंद होतात.

आबा तमिळनाडूत होते. चौतीस वर्षं एका दहा बाय दहाच्या खोलीत. मी लहानपणी दोनदा सुट्टीत तिथं राहिले आहे. तेजाबात धातू पडला की तांबूस-पिवळा धूर उठतो. तो नाकात गेला की घशात कोणी ब्लेड फिरवल्यासारखं वाटतं आणि डोळ्यांतून पाणी येतं. खोलीला एक खिडकी होती, हातभर. आबा ओला पंचा नाकातोंडाला गुंडाळायचे, आणि दुपारच्या जेवणानंतर गुळाचा एक खडा खायचे. गुळानं छाती धुतली जाते असं सगळेच गलाईवाले मानायचे. मीही मानत होते. खरं तर तो खडा मला मिळायचा म्हणून मला ते जास्तच पटलेलं होतं.

त्या धंद्यानं त्यांना दोन सवयी लावल्या. पहिली म्हणजे काही वाया घालवायचं नाही. दुकानाचा केर ते बाहेर टाकत नसत, डब्यात साठवत. हात धुतलेलं पाणी पिंपात जायचं. वर्षाच्या शेवटी तो केर जाळून, धुऊन त्यातून सोन्याचा कण काढायचे. मूस, म्हणजे सोनं वितळवायचं मातीचं भांडं, फुटलं तरी त्याचे तुकडे कुटून धुवायचे, कारण कडेला चिकटून राहिलेलं असतं. पुढे धंदा माझ्या भावावर सोपवून गावी आल्यावरही ते आपली खोली स्वतः झाडायचे आणि केर कागदावर घेऊन उन्हात धरून बघायचे. आई म्हणायची, ‘‘आवं, हितं कुटं सोनं सांडलंय?’’ ते हसायचे, पण बघायचे.

दुसरी सवय म्हणजे कस लावल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. त्यांच्याकडे कसोटीचा काळा दगड होता, तळहाताएवढा. त्यावर सोन्याची रेघ ओढायची, तेजाबाचा थेंब टाकायचा, आणि डोळ्यादेखत कळायचं, चोख की खोटं. माणूस काय सांगतो याला किंमत नव्हती. रेघ टिकली तर खरं. आणि स्वतःच्या बाबतीत ते तितकेच कडक होते. आयुष्यात गुंजभर वजन खोटं सांगितलं नाही, असं त्यांच्याबद्दल त्या परक्या मुलखातले सोनारसुद्धा बोलायचे. हे मी मुलीच्या मायेनं लिहीत नाही, ते खरंच तसं होतं.

गावी आले तेव्हा खोकला घेऊनच आले. गलाईवाल्याला खोकला असायचाच, त्याची कोण दखल घेतो. मग देवळाच्या पायऱ्या चढताना मधे थांबायला लागले. मग शेताच्या बांधापर्यंत जाताना. एका पावसाळ्यानंतर दारातून तुळशीपर्यंत गेले तरी खांद्यांनी श्वास ओढायचे. बिडी नाही, तंबाखू नाही, आयुष्यभर पानसुद्धा नाही. मी त्यांना सांगलीला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं.

तिथं त्यांना एका नळीत जोरात फुंकायला लावलं. आबांनी आयुष्यभर फुंकणीनं भट्टी फुंकलेली, त्यांना वाटलं हे आपलं हातखंडा काम. तोंड लाल होईपर्यंत फुंकले. तीनदा. यंत्रातून कागद निघाला त्यावरची रेघ बसकीच होती. डॉक्टर म्हणाले, फुंकर निम्म्याहून कमी पडते आहे. घरी परत येताना गाडीत आबा एवढंच म्हणाले, ‘‘मशीन बिघडलेलं आसंल.’’

डॉक्टर चांगले होते, समजावून सांगणारे. म्हणाले, सर्दी झाली की नाक चोंदतं ना, आतलं अस्तर फुगतं, तसं तुमच्या छातीतल्या बारीक नळ्यांचं अस्तर कायमचं फुगलेलं आहे. वर्षानुवर्षांच्या धुरानं. शिवाय फुफ्फुसाचे फुगेही झिजलेत. झिजलं ते परत येणार नाही. पण रक्तात एका प्रकारच्या पेशी जास्त दिसतात, म्हणजे तुमच्या बाबतीत ही सूज औषधानं उतरण्याची शक्यता चांगली आहे. सूज खाली राहिली तर दमाचे मोठे झटके कमी येतील. आणि झटके टाळायचेच, कारण दर झटक्याला माणूस एक पायरी खाली उतरतो आणि ती पायरी पुन्हा चढता येत नाही.

मला त्या सगळ्यातून एकच गोष्ट कळली. आबांचे किती दिवस उरलेत हे आता त्या झटक्यांवर होतं.

दोन पंप दिले. निळा आणि जांभळा. निळा दम लागला की घ्यायचा, तो नळ्या मोकळ्या करतो, पाच-दहा मिनिटांत फरक पडतो. जांभळ्यात स्टेरॉइड, अगदी बारीक मात्रेत, रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा दाबून आत ओढायचं, दम लागो न लागो. त्याचा लगेच काहीही परिणाम जाणवत नाही. तो आत बसून सावकाश सूज उतरवतो. बंद केला तरी त्या दिवशी काही कळत नाही. कळतं ते महिन्यांनी, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

तुम्हीच विचार करा, कसोटीच्या दगडावर आयुष्य काढलेल्या माणसाला हे सांगायचं!

आबांनी दोन्ही पंपांना कस लावला. निळा घेतला, घड्याळाकडे बघत बसले, छाती मोकळी झाली. ‘‘ह्यो खरा,’’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी दम लागल्यावर मुद्दाम जांभळा घेतला आणि तसेच बसले. काही झालं नाही. आई घाबरून गेली, तेव्हा निळा घेतला. संध्याकाळी मला फोनवर म्हणाले, ‘‘बाय, त्या जांभळ्याला कस न्हाई. तुला दुकानात कुनी खोटा माल दिला का बघ.’’

मी फोनवरच अर्धा तास बोलले. तो तसा नसतो, तो असा असतो. त्यांनी ऐकून घेतलं. मी सांगते म्हणून घ्यायला लागले. पण चूळ भरेनात. ते मला पुढे कळलं. पंप ओढला की तोंड मिटून अर्धा तास गप्प बसायचे, पाण्याचा घोट नाही, बोलणं नाही. आईनं चूळ भरा म्हटलं तर मानेनं नाही म्हणायचे. औषध घ्यायचं आणि लगेच धुऊन टाकायचं हे त्यांच्या बुद्धीला पटतच नव्हतं. मुशीच्या कडेला चिकटतं तेच शेवटी कामाला येतं, मग तोंडात चिकटलेलं कशाला थुंकायचं? दोन महिन्यांत त्यांच्या जिभेवर, टाळ्यावर, घशात पांढरे चट्टे पसरले. चटणीचा कण लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, भाकरी दुधात कुस्करून खायला लागले. आईला वाटलं उष्णता झाली.

मी गेले ती यात्रेला. घर भरलेलं होतं. भाऊ आलेला, केरळातले चुलत, बंगालमधले मावसभाऊ, त्यांच्या बायका, सगळे गलाईवाले. पंगत बसली होती. आबा मटणाच्या ताटासमोर नुसते बसून होते. मी वाढता वाढता वाकून विचारलं आणि त्यांनी तोंड उघडलं. एका नजरेत कळलं मला. रोज दुकानात बघते.

आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला.

‘‘चूळ भरता का न्हाई? आबा, मी इच्यारतीय, चूळ भरता का न्हाई? मी रोज दुकानात माणसांना शिकवतीय. अंगठेबहाद्दर माणसांना कळतं, मेंढरामागच्या म्हाताऱ्यांना कळतं, आन् तुमाला कळत न्हाई? एवढे अडाणी हाय का तुमी?’’

पंगतीतले हात थांबले. कोणीतरी उगाच खाकरलं. भावानं माझ्याकडे डोळे वटारले. आबा गावातले मानाचे माणूस, देवळाच्या कामात सगळ्यांना धरून चालणारे, लोक त्यांचा शब्द घ्यायला घरी यायचे. त्यांनी ताटाला हात लावून नमस्कार केला, उठले, खांद्यावरच्या पंच्यानं ओठ पुसले आणि आतल्या खोलीत गेले. सावकाश. भिंतीला हात लावत.

मला वाईट वाटलं. लगेच वाटलं. पण माफी मागायला जी दोन पावलं टाकायची असतात ती मी टाकली नाहीत. मी मनाशी म्हटलं, त्यांच्या भल्यासाठीच बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच माझ्याजवळ आले आणि म्हणाले, ‘‘चुकलं माजं. आता नीट घेत जाईन.’’ बापानं मुलीला असं म्हणावं आणि मुलीनं ‘‘मग घ्या’’ म्हणावं, इतकी मी कोरडी होते त्या दिवशी.

तोंडातल्या चट्ट्यांवर औषध दिलं, ते पंधरा दिवसांत बरे झाले. आणि मी एक हुशारी केली. आकडा दाखवणारा पंप आणून दिला. या पंपाच्या पाठीला छोटी खिडकी असते. नवा असताना तिच्यात एकशेवीस दिसतं. एकदा दाबला की एक कमी. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, म्हणजे दिवसाला चार, महिन्याला संपला पाहिजे. मी आबांना म्हटलं, आता मला विचारायलाच नको. दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा आणि खिडकी दाखवायची.

ते त्यांना आवडलं असं मला वाटलं. आकड्यांचा माणूस. रविवारी दहाला फोन लागला की आबांचा चेहरा दिसायच्या आधी पंप दिसायचा, कधी उलटा, कधी इतका जवळ की नुसता जांभळा रंग. मग आईचा हात येऊन तो सरळ करायचा. आणि आकडा बरोबर असायचा. ब्याण्णव म्हटलं तर ब्याण्णव. चौसष्ट म्हटलं तर चौसष्ट. एकदाही चुकला नाही. पहिल्या महिन्यानंतर मी म्हटलं, ‘‘शाब्बास, आबा!’’ ते इतके मोठ्यानं हसले की त्यांना खोकला आला. मी त्यांना शाब्बास म्हणण्याचा तो पहिलाच प्रसंग असावा. आमच्याकडे बापाला कोण शाब्बास म्हणतं?

दुकानात मी त्यांचं उदाहरण द्यायला लागले. माझे वडील बघा, पासष्टीचे, एक दिवस चुकवत नाहीत. शिवाय ते आता माझ्याकडे निळा पंप मागत नव्हते. आधी महिन्याला एक लागायचा. मी खूश होते. निळा लागत नाही म्हणजे सूज उतरली, आमच्या शास्त्रात हे साधं गणित आहे.

तरीही पावसाळ्यात झटका आला. मोठा. सांगलीला चार दिवस ठेवावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘जांभळा पंप नियमित आहे ना?’’ आबांच्या आधी मीच उत्तर दिलं. ‘‘एकही वेळ चुकलेली नाही. माझ्याकडे प्रत्येक रविवारचा आकडा आहे.’’ आबा छताकडे बघत होते. मला वाटलं, थकलेत. डॉक्टर जरा विचारात पडले आणि म्हणाले, मग मात्रा वाढवू या. माझ्या शब्दावर त्यांनी जास्त ताकदीचा पंप लिहून दिला. दिवाळीच्या सुमाराला दुसरा झटका आला. पुन्हा तोच प्रश्न आणि माझं तेच छातीठोक उत्तर. या वेळी डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. औषधाला दाद देत नाही असा आजार दिसतोय, म्हणाले. मी बाहेर येऊन आईजवळ रडले, की बघ, माणूस एवढं नेमानं सगळं करतोय आणि तरी देव असा. आईनं पदर तोंडाला लावला.

दोन पायऱ्या उतरल्या होत्या. आता तुळशीपर्यंत जायलाही त्यांना मधे एकदा ओट्यावर बसावं लागायचं. वाक्य पुरं व्हायच्या आत श्वास संपायचा. तरी रविवारी खिडकी दिसायची आणि आकडा बरोबर असायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी मी स्वतः गेले, नवा पंप दिला, खोकं माझ्या हातानं उघडलं. पुढच्या रविवारी फोनवर आकडा बघितला, बरोबर होता. बुधवारी आईचा फोन आला, सोमवारपासनं अंथरुणात हायत, थोडी कणकण हाय. तिच्या आवाजावरून मला कळायला हवं होतं. गुरुवारी सकाळी शेजारच्यांनी जीप काढली आणि सांगलीला नेलं. मी साताऱ्याहून दुपारी पोचले, तेव्हा तोंडावर घट्ट मास्क होता आणि यंत्र त्यांच्यासाठी श्वास ढकलत होतं. त्यांना मास्क सहन होत नव्हता. हातानं काढायला जायचे. मी हात धरून ठेवायची. ते माझ्याकडे बघायचे, काहीतरी सांगायचं असल्यासारखं, पण मास्क होता. मी म्हणायची, बोलू नका, दम लागंल. शुक्रवार, शनिवार, रविवार. रविवारी दहा वाजता मला आठवलं की आज आकडा बघायचा दिवस. मंगळवारी दुपारी, आई डबा घेऊन पायऱ्या चढत होती तेव्हा, ते गेले.

डॉक्टर म्हणाले, ‘‘एवढी औषधं व्यवस्थित चालू असताना इतक्या झपाट्यानं खाली जायला नको होतं.’’ त्यांना खरंच आश्चर्य वाटत होतं.

तेरावा झाला, पाव्हणे पांगले. भाऊ तमिळनाडूला परत गेला, भट्टी किती दिवस बंद ठेवणार? मी आईजवळ राहिले. तिसऱ्या प्रहरी आबांच्या खोलीतलं कपाट आवरायला घेतलं. खालच्या कप्प्यात टाकणखाराचा जुना पत्र्याचा डबा होता, धंद्यातला. उघडला. आत निळे पंप. सगळे रिकामे, एकेक कागदात गुंडाळून ठेवलेला. आबा काही टाकत नसत ना! मी ते फरशीवर मांडले. एकोणीस होते. विट्याच्या एका मेडिकलची चिठ्ठी अजून एकाला चिकटलेली होती.

मी औषधाच्या धंद्यातली बाई. एकोणीस निळे पंप इतक्या थोड्या महिन्यांत संपवणाऱ्या माणसाची छाती आतून कशी असते हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी आईला हाक मारली.

आई दारात आली, फरशीकडे बघितलं आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. ती सांगेल असं मला वाटलं नव्हतं. पण तिनं सांगितलं, माझ्याकडे न बघता, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

‘‘तोंड आलं व्हतं ना, तवाच त्येंचा इस्वास उडाला. जांभळ्यात काय न्हाई म्हनायचे. घेतला तरी दम तेवढाच, वर तोंड आलं. निळा मातुर खरा हाय, म्हनायचे. पर तू आकड्याचा पंप आनलास.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. रोज सकाळी आन् दिवेलागनीला तुळशीपाशी जायाचे. हवेत दोन बार सोडायचे. त्या तमिळात मोजायचे, ओण्णु, रेंडु. आन् घरात यायचे.’’

तुळशीपर्यंत जायला त्यांना मधे बसावं लागत होतं. दिवसातून दोनदा ते तेवढं अंतर माझ्यासाठी चालत होते. तेही औषध घ्यायला नाही, सोडून द्यायला.

‘‘आई, मला का न्हाई सांगितलंस?’’

‘‘मी सांगनार व्हते. लय डाव म्हनले त्यास्नी, पोरीला सांगून टाका. तर म्हनले, ती पुन्ना चारचौघांत बोलंल. आता सोसायचं न्हाई मला.’’ तिनं बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. ‘‘आन् मग तू शाब्बास म्हनलीस. लय खूश झाले गं. दिसभर मला सांगत व्हते. त्येच्यानंतर कसं सांगायचं?’’

पुढे कागदपत्रांसाठी मी सांगलीला गेले तेव्हा डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी आबांची फाईल पुन्हा उघडली. म्हणाले, घेतलं असतं तर ते वाचले असते असं मी म्हणणार नाही. फुफ्फुसं फार झिजलेली होती. झटके कमी आले असते, बहुतेक. ते ‘बहुतेक’ मी रोज मनात घोळवते. कधी ते मला सोडवतं आणि कधी गळा धरतं. आणि डॉक्टरांचंही काही चुकलं नव्हतं. मी त्यांना खोटी माहिती दिली आणि त्यांनी तिच्यावर औषध वाढवलं. ज्या आबांना गुंजभर खोटं चालत नसे, त्यांनी शेवटचं वर्षभर दिवसातून दोनदा खोटं केलं, ते माझ्या जिभेच्या भीतीनं. मी भीती घातली नसती तर त्यांनी सरळ सांगितलं असतं, नाही घेणार. मग मी वाद घातला असता, रडले असते, डॉक्टरांपुढे बसवलं असतं, आणि कदाचित पटलंही असतं. निदान पावसाळ्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खरं उत्तर गेलं असतं.

हल्ली मी गिऱ्हाइकाला ओरडत नाही. बंद केला होता का, असं विचारताना आवाज खाली ठेवते, आणि हो म्हणालं कोणी तर बरं झालं सांगितलंत म्हणते. मालक म्हणतात, बाई मवाळ झाल्या. त्यांना वाटतं वडील गेल्याचं दुःख आहे. आहेच ते.

पण कपाट आवरलं त्या दुपारी अजून एक गोष्ट राहिली होती. आई उठली, देवळीतून जांभळा पंप घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. ‘‘ह्यो जवळजवळ नवाच हाय. दुकानात कुनाला तरी उपेगी पडंल बघ.’’ मी सवयीनं उलटा करून खिडकीत बघितलं. चौऱ्याहत्तर.

सवयीनंच मनात मोजलं. मी रविवारी सकाळी खोकं उघडून दिलं होतं. तिथपासून पुढच्या आठवड्यातल्या बुधवारपर्यंत अकरा दिवस, चव्वेचाळीस. म्हणजे शहात्तर राहायला हवे होते. आणि गुरुवारी सकाळचे दोन. चौऱ्याहत्तर. पण सोमवारपासून ते अंथरुणाला खिळले होते. गुरुवारी सकाळी तर त्यांना चौघांनी उचलून जीपमध्ये घातलं होतं.

‘‘आई, हे शेवटचे कुणी सोडले?’’

‘‘मीच की,’’ आई म्हणाली. ‘‘सोमवारपासनं त्यास्नी उठवत न्हवतं. मला खुनवायचे. मी तुळशीपाशी जाऊन सोडून यायची, ओण्णु, रेंडु, तसंच म्हनून. बिस्तरवारी जीप दारात हुबी, मानसं घाई करत्यात, श्वास न्हाई अंगात, तरी त्येंनी माज्याकडं बघून दोन बोटं दावली. मी पळत जाऊन सोडले.’’ तिनं डोळे पुसले. ‘‘तू दवाखान्यात येनार, आल्या आल्या आकडा बघनार. चुकला तर त्यास्नी बोलनार, म्हनून.’’

मी पुन्हा खिडकीत बघितलं. आकडा बरोबर होता.